पावसाची रेघ शोधणारे विल्हेल्म बियर्कनेस

गणपती आणि पाऊस यांचे नाते आपल्या मंडळाला नव्याने सांगायला नको. मांडवावर कोणती ताडपत्री घालायची यावरून दरवर्षी बैठकीत वाद होतो आणि विसर्जनाच्या दिवशी सगळ्यांच्या नजरा आकाशाकडे लागलेल्या असतात. अलीकडे त्यात एक भर पडली आहे. आता प्रत्येकजण खिशातून मोबाइल काढून पाऊस किती वाजता येणार ते बघतो, आणि सांगितल्या वेळी तो आला नाही की हवामान खात्याच्या नावाने दोन शब्द बोलून मोकळा होतो. आम्ही राज्याच्या जलसंसाधन खात्यात उपयंत्री. शिक्षण स्थापत्यातली पदविका, आणि नोकरीची वीसेक वर्षे तलाव, कालवे आणि पर्जन्यमापक यांच्या संगतीत गेलेली. त्यामुळे त्या दोन शब्दांपैकी एखादा आमच्याही वाट्याला येतो. यंदा स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा वाटले, ज्या माणसाने पावसाच्या अंदाजाला आजचे रूप दिले त्याचे चरित्र सांगावे. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही, पण त्यांच्या घरात जन्मलेली एक गोष्ट आपण सर्वांनी पाहिली आहे. परदेशी वाहिन्यांवरच्या हवामानाच्या नकाशात दातेरी निळी रेघ असते, ती.

विल्हेल्म बियर्कनेस यांचा जन्म १४ मार्च १८६२ रोजी नॉर्वेत ख्रिस्तियानिया शहरात, म्हणजे आजच्या ऑस्लोत झाला. वडील कार्ल अँटन हे गणिताचे प्राध्यापक. त्यांना एकाच विषयाने पछाडले होते. पाण्यात दोन गोळे ठेवून ते तालात फुगवले आणि आकसवले तर ते एकमेकांना ओढतात किंवा लोटतात. वीज आणि चुंबक यांच्या ओढाताणीशी याचे विलक्षण साम्य आहे, तेव्हा निसर्गातल्या या शक्तींचे मूळ अशाच एखाद्या प्रवाही पदार्थात असणार, अशी त्यांची धारणा होती. विल्हेल्म पोरवयातच वडिलांचे मदतनीस झाले. १८८१ साली पॅरिसला विजेचे मोठे प्रदर्शन भरले, तिथे एकोणीस वर्षांच्या या मुलाने वडिलांबरोबर ते प्रयोग करून दाखवले आणि नामवंत शास्त्रज्ञांनी ते पाहून वाहवा केली.

पण पुढे काही झाले नाही. वडील मनाने एकांडे. लिहिलेले त्यांना अपुरे वाटे, ते पुन्हा लिहीत, छापायला द्यायचे राहून जाई. वर्षे लोटली आणि जगाचे लक्ष दुसरीकडे गेले. मुलगा हे सारे जवळून बघत होता. अखेर वडिलांचे काम सोडून स्वतःचे शिक्षण पुरे करण्याचा निर्णय त्याने घेतला. पितापुत्रांचे प्रेम कमी झाले नाही, पण वाटा वेगळ्या झाल्या. आम्हाला या चरित्रातली ही गाठ सर्वांत महत्त्वाची वाटते. एकट्याने काम करत बसणाऱ्या विद्वानाची शोकांतिका विल्हेल्म यांनी घरातच पाहिली, आणि पुढे आयुष्यभर त्यांनी कोणतेही काम एकट्याने केले नाही.

पॅरिसला त्यांनी पॉइन्कारे यांची व्याख्याने ऐकली. मग बॉनला हाइन्रिश हर्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत ते १८९० च्या सुमारास रुजू झाले. विद्युतलहरी प्रथम दाखवणारे ते हेच हर्ट्झ. तिथे बियर्कनेस यांनी अनुनादावर केलेले काम पुढच्या बिनतारी विद्येला उपयोगी पडले. तेच धरून बसले असते तर कदाचित रेडिओच्या इतिहासात त्यांचे नाव आले असते. १८९३ साली ते स्टॉकहोमला शिकवायला गेले आणि दोन वर्षांत प्राध्यापक झाले. त्याच वर्षी होनोरिया बोनेवी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना चार मुलगे झाले. त्यांतला याकोब १८९७ चा. त्याचे नाव लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.

हवामानाकडे ते आले ते मात्र आडवाटेने. वडिलांच्या गोळ्यांचा हिशेब करता करता त्यांच्या लक्षात आले की प्रवाहाबद्दलचा एक मान्य सिद्धांत हवेला आणि समुद्राला तसाच्या तसा लागू पडत नाही. त्या सिद्धांताप्रमाणे आदर्श प्रवाहात भोवरा नव्याने जन्मत नाही आणि असलेला मरत नाही. पण हवेची घनता फक्त दाबावर ठरत नाही, उष्णतेवरही ठरते. शेजारी शेजारी थंड आणि गरम हवा आली की फिरणे आपोआप सुरू होते. दुपारी समुद्रावरून जमिनीकडे येणारा वारा हे त्याचे सोपे उदाहरण. १८९८ साली स्टॉकहोमच्या मित्रमंडळींपुढे त्यांनी हे मांडले. त्यांत निल्स एकहोम नावाचे हवामानतज्ज्ञ होते. उत्तर ध्रुवाकडे बलूनमधून जाण्याच्या एका मोहिमेत ते सुरुवातीला सामील होते, पण बलूनमधून वायू गळतो याची शंका आल्यावर त्यांनी अंग काढून घेतले. १८९७ साली ती मोहीम निघाली आणि तिघेही परत आले नाहीत. वरच्या हवेत काय चालते हे ठाऊक नसण्याची किंमत त्या मंडळींना चांगलीच समजलेली होती. बियर्कनेस यांच्या गणिताचा उपयोग वादळे समजून घ्यायला होईल हे त्यांना या मित्रांमुळे उमगले.

१९०४ साली त्यांनी एक छोटा लेख लिहिला. त्यातला विचार आमच्या खात्यातल्या कुणालाही चटकन कळेल. तलावाची आजची पातळी ठाऊक असेल, येणारे आणि जाणारे पाणी कोणत्या नियमाने बदलते हे ठाऊक असेल, तर उद्याची पातळी काढता येते. हवेचेही तसेच. दाब, तापमान, घनता, आर्द्रता आणि वाऱ्याच्या वेगाची तीन अंगे, अशा सात गोष्टी आज सर्व ठिकाणी मोजा, पदार्थविज्ञानाची समीकरणे लावा, उद्याचे हवामान निघेल. तोवर अंदाज सांगणारे जुने नकाशे चाळून, अनुभवाच्या जोरावर सांगत. बियर्कनेस यांनी ते काम ज्योतिषाकडून काढून गणिताकडे नेले. अडचण एवढीच की ती समीकरणे हाताने सोडवता येण्यासारखी नव्हती, आणि हे त्यांनाही ठाऊक होते.

पुढल्याच वर्षी ते अमेरिकेला गेले, आणि तिथल्या कार्नेगी संस्थेने त्यांना वार्षिक अनुदान दिले. ते थोडेथोडके नव्हे, पस्तीसएक वर्षे चालू राहिले. त्या पैशातून त्यांनी तरुण सहायक ठेवले. त्यांची मोठी पुस्तके बघितली तर मुखपृष्ठावर सहायकांची नावे त्यांच्या नावाशेजारी दिसतात. १९०७ साली ते मायदेशी परतले आणि १९१३ साली जर्मनीत लायप्झिगला नव्या भूभौतिकी संस्थेचे प्रमुख म्हणून गेले.

पुढच्या वर्षी महायुद्ध पेटले. विद्यार्थी एकेक करून रणांगणावर गेले. हर्बर्ट पेट्झोल्ड नावाचा एक विद्यार्थी, दोन बाजूंचे वारे ज्या रेषेवर येऊन मिळतात त्या रेषांचा अभ्यास करत होता. १९१६ साली तो व्हर्दूनला मारला गेला. त्याचे अर्धवट काम विल्हेल्म यांचा मुलगा याकोब याने हाती घेतले. तेव्हा त्याने विशीही ओलांडलेली नव्हती. लायप्झिगमध्ये त्या हिवाळ्यात लोक सलगमावर दिवस काढत होते. संस्थेत माणसे उरली नव्हती. १९१७ साली बियर्कनेस कुटुंबाला घेऊन नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर बर्गन शहरी आले. (ते साल आम्हा ग्वाल्हेरकरांना दुसऱ्या कारणाने ठाऊक आहे. त्याच पावसाळ्यात आपले नवे कोरे तिघऱ्याचे धरण फुटले. ते असो.)

बर्गन म्हणजे पावसाचे माहेरघर. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर, आपल्या ग्वाल्हेरच्या दुपटीहून अधिक. समुद्रावरून आलेले ढग थेट डोंगरांवर आदळतात. पाऊस शिकायला याहून चांगली शाळा नाही.

नॉर्वे युद्धात नव्हता, पण धान्य बाहेरून येई आणि ते येईनासे झाले होते. १९१८ च्या उन्हाळ्यात देशाला पोटापुरते स्वतःच पिकवणे भाग होते. गवत कापून वाळायला पसरले आणि पाऊस आला तर गुरांची वैरण कुजते. कापणी कोणत्या दिवशी करायची हे शेतकऱ्याला आधी कळले तर देशाचा घास वाचतो. आणि नेमके त्याच वेळी हवामानाचा अंदाज जवळजवळ अशक्य झाला होता. नॉर्वेकडे हवामान येते ते पश्चिमेकडून, अटलांटिक आणि ब्रिटनवरून. तिकडची निरीक्षणे पूर्वी तारेने येत. युद्धात हवामान हे लष्करी गुपित ठरले आणि त्या तारा बंद पडल्या. नकाशाची पश्चिमेची बाजू कोरी झाली.

छप्पन्न वर्षांच्या बियर्कनेस यांनी या वेळी जे केले त्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला. ज्या समीकरणांवर पंधरा वर्षे घालवली ती त्यांनी बाजूला ठेवली. सरकारला त्यांनी सांगितले की शेतकऱ्यांसाठी पावसाचे अंदाज आपण देऊ, त्यासाठी पैसे आणि माणसे द्या. समुद्रापलीकडची माहिती मिळत नाही ना, मग आपल्याच किनाऱ्यावर निरीक्षणांचे जाळे इतके दाट विणू की किनाऱ्याला लागलेला पाऊस लगेच दिसेल. त्यांनी स्वतः किनाऱ्यावर फिरून माणसे जमवली. दीपगृहाचे रखवालदार, कोळी, सागरी पहारेकरी. ढग कसे आहेत, वारा कुठून फिरला, पाऊस केव्हा लागला, एवढे सांगणारी ही साधी माणसे. आम्ही सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातले पाणी मोजून वहीत आकडा लिहिणाऱ्या खालच्या कर्मचाऱ्यांबरोबर वर्षे काढली आहेत. कुणी विचारत नाही त्यांना. जगातल्या मोठ्यात मोठ्या हवामानतज्ज्ञाने अशाच माणसांच्या डोळ्यांवर आपली विद्या उभी केली हे वाचले तेव्हा बरे वाटले.

अंदाजाचे काम बियर्कनेस यांच्या बर्गनच्या राहत्या घरातच चाले. प्रमुख होता वीस वर्षांचा याकोब. हाल्व्हर सोल्बर्ग हा त्याचा जोडीदार ख्रिस्तियानियाहून देशाच्या पूर्व भागाचे अंदाज देई. रोजचे अंदाज तारेने आणि टेलिफोनने गावोगाव जात. तास-दोन तासांत चूक की बरोबर याचा निकाल लागत असे, कारण शेतकरी समोरच होता. विद्यापीठात असा निकाल लागत नाही.

इतके दाट निरीक्षण पूर्वी कुणाकडेच नव्हते, म्हणून पूर्वी कुणाला नीट न दिसलेली गोष्ट या पोरांना दिसली. तोवर समजूत अशी की कमी दाबाच्या क्षेत्राभोवती पाऊस सगळीकडे पसरलेला असतो. नकाशावर मात्र पाऊस पट्ट्यांत दिसू लागला. दोन रेघा, आणि त्यांना धरून पाऊस. एका रेषेवर गरम हवा थंड हवेच्या पाठीवर हळूहळू चढते. तिथे ढग रुंद पसरतात आणि रिपरिप तासन्‌तास चालते. दुसऱ्या रेषेवर प्रकार उलटा. जड थंड हवा मागून येते आणि गरम, दमट हवेच्या तळाशी पाचरीसारखी घुसते. गरम हवा एकदम वर उचलली जाते. वर थंडावा, त्यामुळे बाष्पाचे पाणी होते, आणि अरुंद पट्ट्यात मुसळधार पाऊस कोसळतो. रेघ डोक्यावरून गेली की वारा दिशा बदलतो, पारा उतरतो, हवेचा दाब वाढू लागतो. याकोबने १९१९ साली हे सारे अवघ्या आठ पानांत छापले. वादळाच्या पोटात काय असते याचे ते पहिले खरे चित्र.

त्या रेघांना नाव काय द्यावे? युद्ध नुकतेच संपले होते. दोन सैन्ये समोरासमोर उभी असावीत तशा थंड आणि गरम हवा या रेषेवर झुंजतात, म्हणून रणांगणावरचाच शब्द उचलला गेला, फ्रंट. मराठी भूगोलाच्या पुस्तकांत तिला शीत आघाडी म्हणतात. आजकाल आघाडी म्हटले की आपल्याला निवडणूक आठवते त्याला इलाज नाही.

आपल्या पावसाळ्यात ही आघाडी नसते, मान्सूनचा स्वभावच वेगळा. पण ग्वाल्हेर, मुरैना, भिंडकडे थंडीत जो मावठा पडतो, तो पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांमुळे, आणि काही वेळा त्यांच्या मागोमाग शीत आघाडी इकडपर्यंत पोचते. गहू त्या पाण्याने तरारतो. पण ढगात गारा असल्या तर फुलातली मोहरी झोडपून निघते. तेव्हा ही रेघ आपल्याला अगदीच परकी नाही.

अशा रेषेवर अचानक पूर केव्हा येतो हे इथे सांगायला हवे, कारण अंदाज देणाऱ्याची खरी कसोटी तिथे लागते. शीत आघाडी भराभर सरकत असेल तर पाऊस कितीही जोराचा असो, तासा-दोन तासांत पुढच्या गावाला जातो. तीच रेघ एखाद्या ठिकाणी अडली, किंवा वरचे वारे तिला समांतर वाहू लागले, की एकामागून एक ढग आगगाडीच्या डब्यांसारखे त्याच मार्गावरून, त्याच डोंगरावरून जातात. प्रत्येक डबा आपले पाणी त्याच नाल्यात ओततो. पहिल्या ढगाने जमीन तृप्त केलेली असते, दुसऱ्याचे पाणी मुरत नाही, तिसऱ्याला नाल्यात जागा नसते. म्हणून किती पाऊस पडेल एवढे सांगून भागत नाही. रेघ कुठे आहे, किती वेगाने सरकते आहे आणि कुठल्या खोऱ्यावर अडेल, हे सांगावे लागते. तेही पूर येण्याच्या आधी, म्हणजे खात्री होण्याच्या आधी.

ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या सिंध नदीला पूर आला आणि दतियाकडचे पूल वाहून गेले, तेव्हा आम्ही एका लहान तलावावर कामाला होतो. तो पाऊस आघाडीचा नव्हता, कमी दाबाच्या क्षेत्राचा होता, पण प्रश्न तोच होता. खालच्या वस्तीला रात्रीच उठवावे की सकाळची वाट पाहावी? पाणी सांडव्याच्या तोंडाशी होते. आम्ही उठवले. लोक पोरेबाळे घेऊन शाळेत बसले, आणि पहाटे पाऊस थांबला, वस्तीत पाणी शिरलेच नाही. पुढचे कित्येक दिवस त्या गावात आमची थट्टा होत होती. आम्हाला त्याचे वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही.

बियर्कनेस यांनाही टोमणे चुकले नाहीत. जुन्या पठडीतल्या मंडळींना या रेघा म्हणजे बर्गनच्या पोरांची कल्पना वाटे. आपणही हे पूर्वी पाहिले होते असे म्हणणारेही निघाले, आणि त्यात थोडे तथ्य होतेच. वाऱ्याच्या अशा रेषा इतरांनीही टिपल्या होत्या, पण त्यांच्यावरून रोजचा अंदाज कसा द्यावा हे कुणी दाखवले नव्हते. बियर्कनेस वाद घालत बसले नाहीत. त्यांनी बर्गनला देशोदेशीचे तरुण बोलावले आणि शिकवून परत पाठवले. स्वीडनचे तोर बेर्गेरॉन आणि कार्ल-गुस्ताफ रॉसबी त्यांतलेच. बेर्गेरॉनने दाखवले की थंड रेघ वेगाने येऊन गरम रेघेला गाठते आणि वादळाचे म्हातारपण तिथे सुरू होते. रॉसबी अमेरिकेला गेले आणि तिथल्या हवामानशास्त्राचे आधारस्तंभ झाले. तरीही अमेरिकेच्या सरकारी खात्याला नकाशावर या रेघा सर्रास काढायला १९३० नंतरची वर्षे उजाडली. सरकारी खाती सगळीकडे सारखीच. आम्ही बोलू शकतो, आम्ही आतले आहोत.

युद्धानंतर शेतकऱ्यांबरोबर कोळ्यांनाही वादळाचे इशारे मिळू लागले. हिवाळ्यात त्या समुद्रात उघड्या होड्यांतून जाणाऱ्यांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

मधल्या काळात समीकरणांचे काय झाले? लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गृहस्थांनी ती हाताने सोडवून पाहिली. हे युद्धविरोधी, म्हणून फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवत होते आणि फावल्या वेळात गणित करत होते. बियर्कनेस यांनी लायप्झिगहून छापलेल्या २० मे १९१० च्या निरीक्षणांवरून त्यांनी सहा तासांचा अंदाज काढला. उत्तर साफ चुकले. हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबारने वाढेल असे आले, जे कधीच घडत नाही. पण त्यांनी ते न लपवता १९२२ साली पुस्तकात छापले. पद्धत बरोबर होती हे कळायला आणखी अठ्ठावीस वर्षे जायची होती.

१९२६ साली बियर्कनेस ऑस्लोला परतले. त्याच सुमारास त्यांनी वडिलांचे चरित्र लिहिले, आणि म्हातारपणी वडिलांच्या त्या जुन्या गोळ्यांच्या प्रश्नाकडे पुन्हा वळले. जगाला त्यात आता रस नव्हता. तरी ते करत राहिले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, मिळाले नाही. १९३२ साली निवृत्त झाले. जर्मन ताब्याची पाच वर्षे त्यांनी नॉर्वेतच काढली.

१९५० साली अमेरिकेत एनियाक या पहिल्या पिढीच्या संगणकावर हवामानाचा अंदाज गणिताने काढण्यात आला. काम करणाऱ्यांत ज्यूल चार्नी यांच्याबरोबर राग्नार फ्योर्टॉफ्ट हा नॉर्वेचा तरुण होता. चोवीस तासांचा अंदाज काढायला जवळपास चोवीसच तास लागत. म्हणजे हवामान आणि यंत्र यांची शर्यत बरोबरीत सुटली. १९०४ साली मांडलेली गोष्ट खरी होताना बघायला विल्हेल्म बियर्कनेस हयात होते. ९ एप्रिल १९५१ रोजी ऑस्लोत, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आता याकोबचे राहिले. १९४० साली जर्मनांनी नॉर्वे घेतला तेव्हा तो अमेरिकेत होता. परत जाता येईना, तिथेच लॉस एंजेलिसला स्थायिक झाला. उतारवयात त्याने प्रशांत महासागराचा अभ्यास केला. भारतीय हवामान खात्याचे एकेकाळचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी आपल्या मान्सूनचा अंदाज शोधता शोधता दूरदूरच्या दाबांचे एक कोडे नोंदवून ठेवले होते. त्या हवेच्या झोक्याचा आणि समुद्रातल्या एल निनोचा संबंध याकोबने जोडून दाखवला आणि १९६९ साली त्या वाऱ्याच्या चक्राला वॉकर यांचेच नाव दिले. दर एप्रिलमध्ये यंदा मान्सून किती टक्के होणार ही बातमी येते आणि तिच्यात एल निनोचा उल्लेख असतो, त्यामागे हे काम आहे.